दादा, तुम्ही बाबांना वाट विचारलीत

दादांना सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतंत, "ताई, नाव नका टाकू कुठं, नायतर लोकं फोन करत सुटतील, डोलीचा रेट काय म्हणून." तेव्हा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईचे एक दादा, एवढंच. गावात कुणाला विचारलं तरी कळेल, बाकीच्यांना कळून करायचंय काय?

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही रेंजसाठी कुठल्याशा टेकाडावर उभे होतात. वाऱ्याच्या आवाजात अर्धं बोलणं वाहून गेलं. आभार मानायचे राहूनच गेले. मग दिवसकार्य, येणारी-जाणारी माणसं, बँकेचे कागद. आता घर रिकामं झालंय म्हणून लिहायला बसले. हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण यातलं काही काही चारचौघांनी वाचायला हवं आहे. विशेषतः ज्यांनी आमचे फोन उचलणं बंद केलं त्यांनी.

तुम्ही खुर्चीला बांबू बांधून ज्यांना गडावर नेलंत, ते बाबा बोलत नव्हते. त्यामुळे ते मूळचे कसे होते हे तुम्हाला माहीतच नाही. टेलिफोन खात्यात नोकरी, डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर आणि शनिवारी संध्याकाळी पाठीवर सॅक. पायात ते हंटर शूज, दर पावसाळ्यात एक जोड फाटायचा. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी रात्रीची एसटी पकडायची, खुबी फाट्यावर अंधारात उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेकडेनं खिरेश्वर गाठायचं आणि उजाडता उजाडता तोलार खिंड. हरिश्चंद्रगडाची ही वाट त्यांना आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होती. पाचनईची वाट ते "म्हातारपणी ठेवलेली वाट" म्हणायचे. सोपी म्हणून. म्हातारपण असं खुर्चीतून येईल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं!

डोंगरवेड्या माणसाच्या घरी बायको-पोरं वाऱ्यावर असतात असं लोकांना वाटतं. आमच्याकडे उलट होतं. सोमवारी पहाटे बाबा घरी यायचे, आंघोळ करून आईसाठी चहा टाकायचे, आमचे डबे भरायचे आणि मग कामावर. सॅकमधून काहीतरी निघायचंच. मे महिन्यात करवंदं, पहिल्या पावसात शेवळं, नंतर भारंगी नाहीतर टाकळा. शेवळांची भाजी ते स्वतः करायचे, काकडं घालून, कारण आई करायला गेली की सगळ्यांचे घसे खाजायचे. (आई हे वाचून चिडणार. पण खरं आहे.)

आईला उंचीची भीती. जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघायची नाही ती. बाबांनी तिला कधी "चल गं, काही होत नाही" असं म्हटलं नाही. त्यांनी दुसरा मार्ग काढला. जिथं गाडी थेट जाते आणि तरीही कडा दिसतो अशा जागा ते तिच्यासाठी हुडकत राहिले. माळशेज झाला, नाणेघाट झाला, मग भंडारदऱ्याच्या मागचं घाटघर सापडलं. दर पावसाळ्यात एक रविवार घाटघरचा. गडाबिडाची आमंत्रणं त्या रविवारी बंद. आई गाडीच्या दाराला धरून उभी राहायची, बाबा तिच्या पुढे दोन पावलं, म्हणजे तिला वाटावं की कड्याच्या आणि तिच्या मध्ये कुणीतरी आहे. आजूबाजूला मक्याची कणसं, धुकं, आरडाओरडा करणारी पोरं. आणि हे दोघं तासभर उभे. मी नवरा-बायकोचं प्रेम म्हणून जे काही पाहिलंय ते एवढंच, आणि मला ते पुरेसं वाटतं.

मग ते झालं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली. उजवा हात, उजवा पाय गेला आणि त्याबरोबर बोलणं. डॉक्टरी भाषेत याला वाचाघात म्हणतात. बाबांना झाला त्या प्रकारात समज बरीचशी शाबूत असते, हे नीट ऐका. समोरचा काय बोलतोय ते कळतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही कळतं, शब्द तेवढा तोंडात येत नाही. बाबांना सगळं कळत होतं. क्रिकेटचा स्कोअर कळत होता, आईनं औषधाची गोळी विसरली तर कळत होतं, भाच्याच्या लग्नाला आपल्याला न्यायचं नाही असं ठरलंय हेही कळत होतं.

पण जग कसं वागलं? एका मोठ्या, काचेच्या इमारतीतल्या दवाखान्यात डॉक्टर बाबांच्या समोर बसून मला विचारायचे, "पेशंट जेवतो का? झोपतो का? चिडचिड करतो का?" पेशंट दोन फुटांवर होता. एकदाही त्यांनी त्यांच्याकडे पाहून विचारलं नाही. नातेवाईक यायचे, बाबांच्या कानाशी ओरडून बोलायचे, जसं काही कान गेलेत, आणि मग वळून आईला हळू आवाजात "कठीण आहे हो" म्हणायचे. ते मात्र बाबांना लख्ख ऐकू जायचं.

आणि ते डोंगरमित्र. ज्यांना बाबांनी दोराची गाठ मारायला शिकवली, ज्यांच्या पायाला पेटके आले तेव्हा त्यांची सॅक स्वतःच्या सॅकवर चढवली, ती आता बरी कमावती, मोठ्या गाड्यांची माणसं झालीत. मी त्यांच्या ग्रुपवर लिहिलं की बाबांना एकदा गडावर न्यायचं आहे, कसं करता येईल? पहिल्या दिवशी नुसता पाऊस पडला. "काकांसाठी कायपण", "नेऊयाच", हात जोडलेली चित्रं. तारीख विचारली आणि सगळं कोरडं. दोन निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. एका सहल नेणाऱ्या मंडळींनी तर मला उलट ऐकवलं, की आजारी माणसाच्या जिवाशी खेळू नका. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी बाबांना तपासलं, बीपी पाहिलं, काय काय काळजी घ्यायची ते लिहून दिलं आणि म्हणाले, न्या. एवढंच काय ते बळ.

तुमचा नंबर गडावर पिठलं-भाकरी देणाऱ्या एका मावशींकडून मिळाला. मी फोनवर सगळं सांगितलं, मनात म्हटलं आता हेही "कळवतो" म्हणणार. तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात. वजन किती, आणि काकांना यायचंय का, का तुम्हालाच न्यायचंय? मी म्हटलं, त्यांनाच यायचंय. "मग या, दसरा झाला की. तवर वाट सुकते."

पाचनईत पोचलो तेव्हा तुम्ही खुर्ची तयार ठेवली होतीत. प्लास्टिकची नव्हे, लाकडी, हातांची, पाठीला गोधडी आणि पायांना टेकायला आडवी फळी. मी म्हटलं, सराव दिसतोय. तुम्ही म्हणालात, "आजारी माणूस आमी डोलीनं खाली आणतो ताई. बाळंतीण, साप चावलेला. वर नेतोय पयल्यांदाच." यावर मी काय बोलणार होते?

चढणीचं फार लिहीत नाही. कातळाखालची ती कपार, रेलिंगपाशी तुम्ही चौघांनी घेतलेला श्वास, आडव्या पायवाटेवर दोन्हीकडे पिवळीधमक सोनकी, आणि मागून येणाऱ्या कॉलेजच्या पोरांचा तो स्पीकर. तुमच्यातल्या एकानं त्यांना नुसतं वळून पाहिलं आणि तो बंद झाला. हे मात्र लिहायलाच हवं होतं.

ज्यासाठी हे पत्र आहे ते ओढा ओलांडल्यानंतर घडलं. तिथं पठारावर वाट फुटते. एक सरळ, हजारो पायांनी रुंद झालेली. दुसरी ओढ्याच्या कडेनं जाणारी, बारीक, गवतात हरवलेली. तुमचा जन्म त्या डोंगरावर गेला. डोळे बांधले तरी तुम्ही देवळापाशी पोचाल. पण तुम्ही खुर्ची खाली ठेवायला लावलीत, पुढे आलात आणि बाबांच्या समोर उकिडवे बसलात. तुमचं डोकं त्यांच्या डोक्याच्या पातळीला आलं. टोपी काढून घाम पुसलात आणि विचारलंत, "काका, हितून कसं काढायचं? सरळ, का ओढ्याकडनं?"

मला वाटलं तुम्ही गंमत करताय. नव्हतात करत. तुम्ही थांबलात. बाबांचे ओठ हलले, आवाज निघाला, शब्द झाला नाही. मी सवयीनं पुढे सरकले, तर तुम्ही माझ्याकडे न बघता हाताचा तळवा दाखवलात. तुमच्यातला एक पोऱ्या म्हणायला लागला, "दादा, सरळच बरं, तिकडनं लांब..." त्यालाही तोच तळवा. बाबांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. बोट थरथरत होतं. ओढ्याकडे वळलं.

"ओढ्याकडनं," तुम्ही म्हणालात, आणि चौघांना बांबू उचलायला लावलेत. लांबची वाट, खांद्यावर माणसाचं ओझं, आणि एक शब्द नाही.

दादा, आजारी पडल्यापासून बाबांना कुणी काही विचारलं नव्हतं. भरवत होते, पुसत होते, उचलत होते, निर्णय घेत होते. आणि तुम्ही त्यांना वाट विचारलीत. जी त्यांना खरोखर ठाऊक होती. त्या बारीक वाटेवर एक डोह लागतो, खडकात कोरल्यासारखा. बाबांनी तिथं बोट वर केलं, थांबा म्हणून. तुम्ही थांबलात. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग बोटानंच "चला".

पुढे तर त्यांना चेवच चढला. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी येईपर्यंत ते तुम्हा चौघांना डाव्या हातानं हुकूम सोडत होते. पुष्करणीपाशी थांबा, केदारेश्वराच्या गुहेकडे चला, खुर्ची आणखी जवळ, नाही, एवढी नको. गुहेत कमरेएवढं गार पाणी, त्यात ते शिवलिंग आणि चार खांबांतला शाबूत उरलेला एकटा खांब. बाबा पूर्वी त्या पाण्यातून प्रदक्षिणा घालायचे. या वेळी तुमच्यातल्या त्या पोऱ्यानं पाण्यात उतरून ती घातली आणि वर येऊन ओला हात बाबांच्या हातावर ठेवला.

कोकणकड्यावर काही दिसलं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं. समोर नुसता पांढरा पडदा. इंद्रवज्राच्या गोष्टी बाबांनी आम्हाला लहानपणापासून सांगितलेल्या. कर्नल साईक्स नावाच्या साहेबाला तिथं ते दिसलं म्हणतात. पाठीवर ऊन, समोर दरीत ढग आणि त्यावर आपली स्वतःची सावली गोल इंद्रधनुष्यात. बाबांना एकदाच दिसलं होतं. तुम्ही म्हणत होतात, थांबू, उघडंल. उघडलं नाही. पण कड्याच्या पोटातून वर उसळणारा तो वारा चेहऱ्यावर आला आणि बाबा हसले. तोंड अर्धंच हसायचं त्यांचं आता, पण हसले. आणि तुम्ही खुर्ची जरा पुढे घेताय असं दिसल्यावर त्यांनी डावा हात जोरात मागे हलवला. मागे व्हा! आयुष्यभर पोरासोरांना कड्यापासून लांब बसवलं, तुम्हाला सोडतील होय?

घरी आल्यावर आई जेवताना विचारायला लागली, "भात आधी की पोळी?" आणि बोट उठेपर्यंत वाढायची नाही. त्या काचेच्या दवाखान्यात पुढच्या वेळी मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनाच विचारा, उत्तर देतात ते. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पण विचारलं. बाबा त्यानंतर फार दिवस नव्हते. जितके होते तितके मात्र घरातले कर्ते होते.

आणखी एक. परत आल्यावर मी पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही ठरलेली मजुरी मोजून घेतलीत आणि वरचे परत दिलेत. "ठरल्यालं घेतलं" म्हणालात. मला हे फार आवडलं. फुकट केलं असतंत तर आम्ही जन्मभर ओशाळे राहिलो असतो. तुम्ही काम केलंत, दाम घेतलात आणि जे मोजता येत नाही ते वर दिलंत, तेही आपण काही देतोय असं भासू न देता. चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडे लगेच फोटो, शाल, श्रीफळ. मला तर आता वाटतं की समोरच्याचं उत्तर येईपर्यंत गप्प थांबता येणं हे त्या सगळ्याहून अवघड आहे. शिकलेल्यांना तर फारच अवघड.

आईला तुम्हाला भेटायचं आहे. ती गड चढणार नाही, कपारीच्या नुसत्या वर्णनानंच तिला घेरी आली होती. तुमच्या ओसरीवर बसेल, वहिनींशी बोलेल. दिवाळीनंतर येतो म्हणते. त्या पोऱ्याला बुटांचा नंबर विचारून ठेवा, त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला मी पाहिला होता. आणि वाणसामान काही आणायचं असेल तर रेंजमध्ये आलात की मिस्ड कॉल द्या, गाडीत जागा आहे.

तुमची,
डोंबिवलीची ताई