देवमासा मासा नाही, हे कसे उमगले तेही शिकवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देवमासा सस्तन प्राण्यांत का गणला जातो, या प्रश्नाचे उत्तर दहावीचे विद्यार्थी बिनचूक लिहितात: तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो, त्यांना दूध पाजतो आणि त्याचे रक्त उष्ण असते. एवढ्यावर पूर्ण गुण मिळतात. मात्र जन्मभर समुद्रात राहणाऱ्या या प्राण्याला कल्ले नसून फुप्फुसे का आहेत, श्वासासाठी त्याला पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर का यावे लागते, हा त्यापुढचा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. कोकणातील एका माध्यमिक शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि त्यातली पहिली अनेक वर्षे मीही तो प्रश्न काढला नाही, याची मला आज खंत वाटते. राज्यात नव्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत आणि यथावकाश दहावीचे पुस्तकही बदलेल. त्याआधी या विषयावर जाहीर चर्चा व्हावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकात पहिला धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे, तर प्राण्यांचे वर्गीकरण सहाव्या धड्यात येते. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा देशभरातील शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेध नोंदवला होता. आपल्या पुस्तकात तो भाग आहे, हे मी मनापासून मोलाचे मानतो. अडचण वेगळी आहे. मधल्या चार धड्यांत वर्गीकरण आणि उत्क्रांती यांचा धागा तुटतो आणि सहाव्या धड्यापर्यंत पोहोचलेल्या मुलाला प्राणिसंघ, म्हणजे प्राण्यांचे मोठे गट, ही पाठ करायची यादी वाटू लागते. रंध्रीय प्राणी, चपटे कृमी, गोलकृमी, वलयांकित, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी आणि शेवटी समपृष्ठरज्जू (ज्यात माणूसही येतो) हे सगळे एकाखाली एक असे मांडले जातात की, जणू प्रत्येक प्राणी पुढच्या पायरीवर चढण्याची वाट पाहत उभा आहे.

वर्गीकरणाचा प्रारंभ यादीपासूनच झाला, हे खरे आहे. कार्ल लिनियस यांनी १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सगळ्या प्राण्यांचे सहा वर्ग केले आणि तोवर माशांमध्ये ठेवलेला देवमासा उचलून सस्तन प्राण्यांत घातला. हा निर्णय अचूक होता, परंतु तो का अचूक आहे हे सांगण्याचे साधन लिनियस यांच्याकडे नव्हते. ते साधन पुढे १८५९ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी दिले. खरे वर्गीकरण म्हणजे वंशावळ होय आणि दोन प्राणी एका गटात येतात ते त्यांचा पूर्वज समान असल्यामुळे, हा त्यांचा विचार आज सर्व प्राणिशास्त्राचा पाया आहे. लक्षणे ही त्या नात्याची खूण असते आणि खूण फसवूही शकते.

आपल्याच मातीतले उदाहरण घ्यायचे तर देवगांडुळाचे घेता येईल. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत ओल्या मातीत, दगडाखाली सापडणारा हा लांबट, वळ्यावळ्यांचा जीव पाहून कोणीही त्याला गांडूळच म्हणेल, आणि अनेक जण तर साप समजून त्याला मारतात. पण त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. तो बेडकाचा आप्त आहे, उभयचर आहे. २००३ साली याची एक नवी जाती आंबोलीतून नोंदवली गेली. ज्या गांडुळाचे नाव त्याला मिळाले, त्याच्याशी तुमचे-माझे नाते जितके दूरचे, तितकेच याचेही दूरचे आहे. मातीत बिळे करून राहायचे असेल तर असे शरीर सोयीचे ठरते, म्हणून दोन अगदी वेगळ्या घराण्यांत ते स्वतंत्रपणे घडले. देवमासा आणि मासा यांच्या बाबतीत पाण्याने हेच केले आहे.

देवमाशाच्या वंशावळीचा बराचसा पुरावा आपल्या उपखंडातच सापडला आहे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि आपल्या मुलांना नेमके हेच सांगितले जात नाही. १९७० च्या दशकात जीवाश्मतज्ज्ञ अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी कच्छमधील खडकांतून आद्य देवमाशांचे जीवाश्म अभ्यासले. कच्छच्याच नावाने ओळखला जाणारा कच्छिसेटस हा लांब शेपटीचा, आखूड पायांचा आद्य देवमासाही तिथलाच. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरातून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांत इंडोहायस नावाच्या एका छोट्या खुरी प्राण्याची हाडे होती. हा प्राणी सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. रंगा रावांच्या निधनानंतर ते खडक जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे अभ्यासासाठी गेले आणि कवटी साफ करताना कानाजवळचे हाड उघडे पडले, तेव्हा त्यावर जो जाड उंचवटा दिसला, तो तोपर्यंत केवळ देवमाशांच्या कुळातच माहीत होता. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. इंडोहायसच्या पायांची हाडेही पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखी जड आणि भरीव होती. आपल्या सह्याद्रीत लपूनछपून राहणारे पिसोरी हरीण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना इंडोहायसच्या अंगकाठीची साधारण कल्पना येईल. तो देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे, तर त्या पूर्वजाचा जवळचा भाऊबंद होता.

दुसरा पुरावा घोट्याच्या हाडाचा आहे. गाय, शेळी, हरीण, डुक्कर या समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील एक हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखे खाचदार असते आणि अन्य कोणत्याही सस्तन प्राण्यात ते तसे नसते. २००१ मध्ये पाकिस्तानातील, अजून मागचे पाय असलेल्या आद्य देवमाशांच्या सांगाड्यांत अगदी तसेच हाड सापडल्याचे जाहीर झाले. त्याआधीच जनुकांच्या तुलनेने पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत आप्त असल्याचे सुचवले होते. म्हणजे देवमासा सस्तन आहे एवढेच नव्हे, तर तो गाईगुरांच्या गोतावळ्यातला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू लागले आणि त्याला पुन्हा समुद्रात सोडण्यासाठी माणसे तासन्‌तास झटली, तेव्हा त्या गर्दीतल्या किती मुलांना ही गोष्ट ठाऊक असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

वंशवृक्ष हाती आला की पुस्तकातील अपवादही बोलू लागतात. सरीसृपांचे हृदय तीन कप्प्यांचे असते, मगरीचे मात्र चार कप्प्यांचे, असे आपण पाठ करतो. वाशिष्ठीच्या काठावर पहुडलेली मगर ही पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे आणि पक्षी हे स्वतः डायनोसॉरच्या एका शाखेतून आले आहेत, हे सांगितले की त्या चार कप्प्यांचे नवल उरत नाही. खवले मांजराला अंगभर खवले आणि तोंडात एकही दात नाही, म्हणून ते दीर्घकाळ दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊंबरोबर ठेवले गेले होते. जनुकांनी त्याला कुत्र्या-मांजरांच्या मांसाहारी गणाशेजारी आणून बसवले. आपल्या लोकांनी दिलेले नाव नात्याच्या दृष्टीने अगदीच चुकलेले नव्हते, याचा मला आनंद होतो.

काही ठिकाणी मात्र आपली शिकवण जुनी झाली आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी. गांडूळ आणि झुरळ या दोघांचीही शरीरे खंडांची बनलेली, म्हणून वलयांकित प्राण्यांपासून संधिपाद निर्माण झाले, असा समज फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या दोन गटांना एकत्र ठेवल्यापासून रूढ होत गेला आणि पेरीपॅटस हा मऊ अंगाचा, आखूड पायांच्या अनेक जोड्या असलेला जीव त्या दोघांना जोडणारा दुवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. १९९७ मध्ये जनुकांच्या तुलनेवर आधारित संशोधनाने हे चित्र पालटले. झुरळ, खेकडा, कोळंबी, पेरीपॅटस आणि आतड्यातले जंत हे सगळे वाढताना कात टाकतात व ते एका मोठ्या शाखेत येतात. गांडूळ दुसऱ्या शाखेत, गोगलगायीच्या बाजूला जाते. या दुसऱ्या शाखेच्या नात्याची खूण समुद्रात दिसते: तिथल्या अनेक वलयांकित आणि मृदुकाय प्राण्यांची डिंभके, म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेली बाल्यावस्थेतील रूपे, भोवऱ्यासारखी, सूक्ष्म केसांनी पाणी कापत जाणारी आणि एकमेकांशी विलक्षण साम्य असलेली असतात.

‘जोडणारा दुवा’ या शब्दाविषयी माझी आणखी एक तक्रार आहे. अंडी घालणारा, पण पिल्लांना दूध पाजणारा प्लॅटिपस हा सरीसृप आणि सस्तन यांना जोडणारा दुवा म्हणून शिकवला जातो, मात्र तो आजही जिवंत आहे. तो आपला आजोबा नाही, चुलत घराण्यातला आहे. त्याचे घराणेही आपल्याइतकीच वर्षे बदलत आले आहे. दुवा म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर शिडी उभी राहते आणि त्या शिडीच्या टोकावर माणूस.

म्हणून पाठ्यपुस्तक मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, नव्या पुस्तकात हे दोन धडे लागोपाठ यावेत, प्राणिसंघांच्या यादीऐवजी पूर्ण पानभर वंशवृक्ष छापावा आणि ‘लक्षणे लिहा’ या प्रश्नासोबत ‘हे नाते कोणत्या पुराव्यावरून ठरले’ असाही प्रश्न परीक्षेत विचारला जावा. याने अभ्यासक्रम वाढत नाही. पाठांतराचा काही भाग कमी करूनच ही जागा निघेल. शिक्षक मित्रांनाही सांगावेसे वाटते की, पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पहिला धडा संपताच सहावा उघडावा, आणि फळ्यावर भारताचा नकाशा काढून त्यात कच्छ आणि कालाकोट या दोन जागा खडूने दाखवाव्यात.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, रत्नागिरी जिल्हा