जहाजावर निघालेल्या सुमेला

ठाणे

प्रिय सुमे,

नीताने तुमची जहाजाची तिकिटं काढली हे कळलं आणि त्यापाठोपाठ तुझा प्रश्नही आला: "मधुमेहापायी एवढी भात-पोळी सोडलीय, आता तिथे काय खाऊ? की तेवढे दिवस सोडूनच देऊ सगळं?" फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच नातवाच्या मागे धावतेस आणि माझं निम्मं बोलणं हवेत राहतं. म्हणून सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस, बिनसाखरेचा.

तुला वाटतंय की तिथे आपल्याला चालेल असं काही मिळणार नाही. तसं मुळीच नाही. अंडी, मासे, चिकन, चीज, लोणी, कोशिंबिरी, उकडलेल्या भाज्या, सगळ्याचे ढीग असतात. अडचण वेगळीच आहे. तिथे जे काही दिसतं ते तिकिटातच असतं. आमचं सहलीचं जहाज सिअ‍ॅटलहून अलास्काला निघालं, तेव्हा बॅगा खोलीत पोचायच्या आधीच माणसं वरच्या मजल्यावर बुफेत पोचली होती. सकाळी वॉफल, दुपारी पास्ता, चार वाजता केक, रात्री चार कोर्सचं जेवण आणि उशिरापर्यंत पिझ्झा. माणूस घरी भुकेपोटी खातो, लग्नात आग्रहापोटी खातो आणि जहाजावर पैसे वसूल करायला खातो.

आमच्याबरोबर व्याही आणि विहीणबाई होत्या हे तुला माहीतच आहे. व्याही बँकेतून निवृत्त झालेत. पहिल्याच रात्री त्यांनी माणशी दर रात्रीचा खर्च काढला, त्यातून खोलीचं भाडं वजा केलं आणि उरलेली रक्कम खाण्यातून कशी परत मिळवायची याचा बेत सांगितला. माझ्या ताटात ऑम्लेट, काकडी आणि चीज बघून ते खरोखर कष्टी झाले. "वहिनी, तुमचं नुकसान होतंय हो," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊसाहेब, बाजारात मासा महाग की मैदा?" ते जरा विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही ताटात पावाऐवजी सामन होता. तत्त्व बदललं नाही, फक्त वसुली जास्त झाली.

सकाळचं सोपं असतं. ऑम्लेट समोर करून देतात. मी मशरूम, पालक, चीज घालून दोन अंड्यांचं घ्यायचे. शेजारी स्मोक्ड सामनचे काप, टोमॅटो, काकडी. कॉफीत दुधाऐवजी क्रीम मागायचं. फळांच्या टेबलाशी मात्र थांबून बघायचं, कारण "फळंच तर आहेत" म्हणून माणसं तिथे सैल सुटतात. स्ट्रॉबेरी शंभर ग्रॅम खाल्ली तर कार्ब, म्हणजे साखर वाढवणारी कर्बोदकं, सात-आठ ग्रॅम, द्राक्षं तेवढीच खाल्ली तर सतरा-अठरा. केळ्याचं तुला सांगायला नको. एका फुलक्यात पंधरा आणि वाटीभर भातात चाळीसच्या वर हे तुला पाठच आहे, तोच हिशेब इथे चालवायचा. मी दिवसाला पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास राहिले.

बुफेत मी एक नियम पाळला. ताट हातात घ्यायच्या आधी एक पूर्ण चक्कर मारायची. आधी ताट घेतलं की पहिल्या दहा पावलांत ते भरतं, आणि पहिल्या दहा पावलांत पावच ठेवलेला असतो. स्वस्त आणि पोट भरणारं पुढे, महागाचं मागे. हे व्याह्यांना सांगितल्यावर त्यांनी मला हात जोडले.

रात्री मात्र बुफेत जाऊ नकोस, डायनिंग रूममध्ये बस. तिथे बसून मागवायचं असतं, म्हणून डोळ्यांपुढे ढीग नसतो. आमच्या टेबलाचा वेटर मडगावचा निघाला. गोव्यातल्या कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या जहाजावर नोकऱ्या. 'तारवटी' म्हणतात त्यांना. या पोराचे आजोबाही जहाजावर होते. मी त्याला पहिल्या दिवशीच सरळ सांगून टाकलं की बाबा, मला साखर आहे. पाव, बटाटा, भात, पास्ता नको, त्याबदली भाजी दुप्पट आण, वर लोणी घाल, आणि सॉस वेगळ्या वाटीत दे. त्याला यात काही नवल वाटलं नाही. असं मागणारे टेबलागणिक असतात म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने पावाची टोपलीच माझ्यापासून लांब, आमच्या जावयाच्या कोपराशी ठेवायला सुरुवात केली. रात्रीच उद्याचा मेनू आणून दाखवायचा, आपण खूण करायची.

त्याच्याकडून बरंच कळलं. क्रीमचं म्हणून जे सूप येतं ते नुसतं क्रीमने घट्ट होत नाही, लोण्यात मैदा परतून त्यात घालतात. त्यामुळे पातळ, आरपार दिसणारं सूप मागवायचं. सॉसेजमध्ये बऱ्याचदा पावाचा चुरा असतो. बार्बेक्यू आणि तेरियाकी सॉस म्हणजे साखर आलीच. सॅलडवर बाटलीतलं ड्रेसिंग घेण्यापेक्षा ऑलिव्ह तेल आणि लिंबू मागावं. तू पीत नाहीस, पण नीता आणि जावई घेतील, त्यांना सांग की व्हिस्की, जिन यात कार्ब नसतात, गोड नसलेल्या, ड्राय वाइनच्या ग्लासात तीन-चार ग्रॅम, पण छत्री लावलेले रंगीत ग्लास म्हणजे पाकच.

आणि सगळं अळणी लागायचं, ते वेगळंच! उकडलेली ब्रोकोली नुसती लोण्याबरोबर किती खाणार? मी शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी आणि लसणाचं तिखट बरोबर नेलं होतं. ब्रोकोलीवर जवसाची चटणी भुरभुरली की ती आपल्या घरची होते. दोन दिवसांत डबी टेबलभर फिरायला लागली आणि शेवटी मला ती पर्समध्ये लपवावी लागली.

एका रात्री समुद्र खवळला. आत किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना दोन्हीकडे बेटं असतात, तेव्हा पाणी शांत असतं. उघड्या समुद्रात आलं की हलायला लागतं. मळमळणाऱ्यांसाठी जहाजावर ठरलेला उपाय म्हणजे हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं. रिसेप्शनवर वाडग्यात ठेवलेलीच असतात. मी आल्याचा तुकडा चघळून पडून राहिले, पण उलट्या झाल्याच असत्या तर गुपचूप सफरचंद खाल्लं असतं, हे लक्षात ठेव. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण निघायच्या आधी माझ्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. ज्यांच्या साखरेच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' येतं, त्यांनी कार्ब अगदी कमी केले आणि त्यात उलट्या, उपास झाला तर रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो, आणि तेव्हा मीटरवरची साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. माझी नुसती मेटफॉर्मिन आहे. तुझी ग्लिमेपिराइड आहे ना? त्यात उलटा धोका: खाणं कमी, चालणं जास्त, आणि साखर एकदम खाली. तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना भेटून डोस विचारून घे, आणि पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेव. यात हट्टीपणा नको. हातपाय कापत असताना लो-कार्ब मोडायचं नाही म्हणणारी बाई शूर नसते, मूर्ख असते.

आता बंदरांचं. जुनोला अल्डरच्या लाकडांवर सामन भाजून देतात. वर ब्राउन शुगरचा लेप असतो, म्हणून मी विनालेपाचा मागितला. भाजणाऱ्याने तुकडा बाजूला काढून नुसतं लोणी आणि लिंबू लावून दिला. तिथले किंग क्रॅबचे पाय बघशील तर हरखशील. आपली चिंबोरी त्यापुढे बाळ. पातळ केलेल्या लोण्यात बुडवून खायचे, कार्ब जवळजवळ शून्य. किंमत विचारू नकोस. तो दिवस व्याह्यांना फार जड गेला, कारण ते तिकिटात नव्हतं.

स्कॅगवे मला सगळ्यांत आवडलं. १८९७-९८ मध्ये क्लोंडाइकच्या सोन्यासाठी हजारो माणसं या गावातून आणि शेजारच्या डायेहून डोंगर चढून पलीकडे कॅनडात गेली. खिंडीवर कॅनडाचे घोडेस्वार पोलीस उभे. वर्षभराचं खाणं बरोबर असल्याशिवाय ते कोणाला पुढे सोडत नसत. अवजारं धरून साधारण टनभर ओझं, आणि त्या काळच्या याद्यांत चारशे पौंड पीठ असायचं, म्हणजे १८० किलो! वर शंभर पौंड साखर. एका खेपेत एवढं पाठीवर जाणार कसं, म्हणून तोच चढ पुन्हा पुन्हा चढायचे. गंमत अशी की ज्या चिलकूट वाटेने हे पिठाची पोती वाहत होते, ती वाट मुळात तिथल्या त्लिंगित लोकांची, आणि ते त्या वाटेने पलीकडच्या लोकांशी व्यापार करायचे तो चरबीचा! युलाकॉन नावाचा वीतभर मासा असतो, इतका तेलकट की वाळवून पेटवला तर मेणबत्तीसारखा जळतो. त्याचं तेल काढून पेट्यांतून न्यायचे आणि बदल्यात कातडी, फर आणायचे. शेती नाही, धान्य नाही, आणि श्रीमंती मोजायची ती तुपासारख्या त्या तेलाने.

हे ऐकून आमच्या जावयाने स्टेफान्सनची गोष्ट काढली. हा ध्रुवाकडचा संशोधक, एस्किमोंमध्ये राहून आलेला. नुसत्या मांसावर माणूस नीट जगतो म्हणाला, तर कोणी मानेना. मग १९२८ मध्ये तो आणि त्याचा एक सोबती न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांस खाऊन राहिले. सुरुवातीला डॉक्टरांनी त्याला चरबी काढलेलं मांस दिलं, तेव्हा तो आजारी पडला. चरबी दिल्यावर ठीक झाला. व्याही लगेच "म्हणजे सिद्धच झालं की!" म्हणाले. दोन माणसांवरून काय सिद्ध होणार, आणि मला काही मांसावर वर्ष काढायचं नाही. पण एक मात्र मला पटलं. पाव सोडायचा आणि भीतीने लोणीही सोडायचं, असं दोन्ही केलं की माणूस तिसऱ्या दिवशी केकच्या टेबलाशी सापडतो. पोट लोण्याने, अंड्याने, पनीरने भरलेलं असलं की केक नुसता बघता येतो.

केचिकनला ओढ्यात सामन उलट्या प्रवाहाने चढत होते. गोड्या पाण्यात शिरले की ते खाणंच थांबवतात, समुद्रात साठवलेल्या चरबीवर शेवटपर्यंत पोहतात. व्याही कठड्यावरून वाकून म्हणाले, "हे दीक्षितांच्याही पुढे गेले." ते स्वतः डॉ. दीक्षितांच्या दिवसातून दोनदाच जेवायच्या पद्धतीचे भक्त आहेत, पण जहाजावर त्यांची एकेक वेळ बरीच लांबायची. व्हिक्टोरियाला रात्री उतरलो, त्यासाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा काढावा लागला होता. खाण्यापुरतं सांगण्यासारखं तिथे काही नाही.

आता खरी परीक्षा सांगते. जहाजावरचे केक मला जड गेले नाहीत. जड गेला तो विहीणबाईंचा डबा. त्यांनी पुण्याहून डिंकाचे लाडू आणले होते, गुडघेदुखी सोसत स्वतः वळलेले, खारीक-खोबरं घालून. रोज दुपारी त्या आमच्या खोलीत यायच्या. "घ्या हो, यात कुठे साखर आहे, गूळच आहे." आता विहिणीला गुळाचे कार्ब समजावणार कोण? सुमे, वेटरला नाही म्हणता येतं, मुलीला दटावता येतं, विहिणीचा लाडू परत करता येत नाही. रोज अर्धा, पाव, चिमूटभर असं खात राहिले असते तर आठवड्यात दोन-तीन लाडू पोटात गेले असते आणि त्यांचंही समाधान झालं नसतं. म्हणून मी सरळ म्हटलं, "ताई, ग्लेशियर बेच्या, त्या हिमनद्यांच्या खाडीच्या दिवशी तुमच्या हातचा एक अख्खा लाडू खाईन. तोवर मला विचारू नका." त्यांनी तो दिवस लक्षात ठेवला.

१७९४ मध्ये जॉर्ज व्हॅन्कूव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेतले लोक तिथून गेले तेव्हा ही खाडी जवळजवळ सगळी बर्फाखाली होती. आता शंभरावर किलोमीटर आत जाता येतं. मार्जरी हिमनदीसमोर जहाज उभं राहिलं. डेकवर बोचरी थंडी, हातात सगळ्यांच्या वाटाण्याच्या घट्ट सुपाचे कप. माझ्या हातात काळी कॉफी. विहीणबाईंनी शालीच्या आतून डबी काढली. मी तो लाडू उभ्या उभ्या, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. बर्फाचा कडा कोसळला तेव्हा आधी पांढरी धूळ दिसली, आवाज मागाहून आला. मग डेकवर आम्ही दोघी फेऱ्या मारत राहिलो, त्यांचे गुडघे सांभाळत. दोन तासांनी मीटर लावला, १६८. चालायचंच.

तुझं तर माझ्यापेक्षा सोपं आहे आणि अवघडही. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी, जैन सगळं मिळतं, म्हणून अळणीची भीती नाही. पण शाकाहारी बुफे म्हणजे पुलाव, नान, छोले, डोसा, चाट. तू तंदूरचं पनीर, भाजलेल्या भाज्या, कोशिंबीर, दही, ताक यांवर राहा. मखनी रश्शात साखर असते, काजूही. त्यापेक्षा पालक पनीर बरं. डाळ घे, पण वाटीभरच. अंडं तू खातेस हे घरच्यांना माहीत नसेल तर या निमित्ताने होऊ दे. बरोबर भाजलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि चटण्या ने. फरसाणाचं पाकीट नीताच्या बॅगेत जाऊ दे, तुझ्या नको.

मीटर आणि पट्ट्या हँडबॅगेत ठेव, मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. नीताच्या सासूबाईही येणार आहेत असं ऐकलं. त्या काय करून आणणार आहेत ते आधीच काढून घे, आणि तुझा दिवस ठरव.

जवसाची चटणी मी करून ठेवते. रविवारी कोणाला तरी पाठव न्यायला, किंवा तूच ये.

तुझी,
मंदा