स्लीपिंग बॅगवर कम्फर्ट तापमान ठळक छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आता आपल्या मराठवाड्यातली पोरंपोरी घरी बसत नाहीत, कुणी म्हैसमाळला टेन्ट टाकतं, कुणी हरिश्चंद्रगड-कळसूबाईकडं निघतं आणि ज्यांना सुट्टी-पैसा जमतो ते थेट उत्तराखंडात केदारकंठाला जातात. लई चांगली गोष्ट आहे. पण थंडी आपल्याकडंही साधी नसते, परभणीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा ५ अंशांच्या खाली गेला ही बातमी तुम्हीच छापलेली आहे, आणि अशा थंडीत उघड्यावर झोपायचं तर स्लीपिंग बॅग घेताना पोरांची जी फसगत होते त्याबद्दल हे पत्र.

माझ्या पुतणीनं एक बॅग घेतली, पिशवीवर भल्यामोठ्या अक्षरात उणे ५ लिहिलेलं. म्हैसमाळला रात्री पोरगी सगळे कपडे अंगावर चढवून, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली, झोप नाहीच. घरी आल्यावर बॅगच्या आत शिवलेली बारीक चिठ्ठी वाचली तर तिथं कम्फर्ट १० अंश! म्हणजे बाहेर छापलेला उणे ५ हा एक्स्ट्रीम आकडा होता. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ नावाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात थंडीचे तीन आकडे असतात, कम्फर्ट म्हणजे बाईमाणूस अंग सैल सोडून नीट झोपेल ते तापमान, लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास नुसता जीव वाचेल ते. जीव वाचण्याचा आकडा झोपेचा म्हणून विकायचा हे चूकच आहे, माझं स्पष्ट मत.

दुसरं, डाऊनचं. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा गूजच्या (हंसासारखा पक्षी) छातीवरचा जो मऊ पिसारा असतो, फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखा, तो. डाऊन भरलेली बॅग वजनाला किलोभर नाहीतर थोडी जास्त आणि दाबली की एवढुशी होते, तेवढ्याच उबेची सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची, बरीच जड भरते. किंमत मात्र दुप्पट-तिप्पट, म्हणून स्वस्तातली घेताना बघून घ्यावं लागतं. फिल पॉवर ६५० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ २८ ग्रॅम पिसारा फुगून साधारण साडेदहा लिटर जागा भरतो, ८०० वाला १३ लिटर, आणि ती अडकलेली हवाच आपल्याला गरम ठेवते. बजेट कमी असेल तर ८०० च्या मागं लागू नका, ५५०-६५० वाली घ्या, थोडं वजन वाढतं एवढंच. पण भरलेला पिसारा किती ग्रॅम ते विचाराच, बॅगचं एकूण वजन वेगळं आणि आतला पिसारा वेगळा, दुकानात बऱ्याचदा पहिलाच आकडा सांगतात.

दुकानात गेलात तर बॅग पिशवीतून बाहेर काढायला लावा, झटका आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच पसरून ठेवा. चांगली असेल तर कप्पे हळूहळू वर येतात. मग एकेक कप्पा चिमटीत धरून बघा, काड्या टोचत असतील तर आत पिसारा कमी आणि साधी पिसं जास्त, बाहेर ९०/१० (म्हणजे ९० टक्के पिसारा, १० टक्के साधी पिसं) लिहिलेलं असो नाहीतर ८०/२०. उजेडासमोर धरली की कुठं रिकामं आहे तेही दिसतं. चेनच्या आतून पिसाऱ्याची जाड पट्टी आहे का ते बघा, नाहीतर वारा तिथूनच शिरतो. लांबी-रुंदी स्वतः आत शिरून बघा, फार ढगळ असली तर आतली हवा गरम व्हायला वेळ लागतो.

आणि खाली मॅट पाहिजेच, अंगाखाली दबलेला डाऊन उब देत नाही, कितीही महागाची घ्या. डाऊन भिजला की गोळे होऊन ऊब जाते, पण आपला हिवाळा कोरडा असतो त्यामुळं इथल्या कॅम्पिंगला तो सोसतो, पावसाळ्यात मात्र नेऊ नका. घरी आल्यावर छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, मोठ्या सुती खोळीत मोकळी ठेवा म्हणजे फुगवटा टिकतो. एकदाच केदारकंठाला जायचं असेल तर विकत घेऊच नका, पायथ्याच्या सांकरी गावात भाड्यानं मिळते. घरी गोधडी आहेच की असं काहीजण म्हणतात, बरोबर आहे, शेतातल्या मुक्कामाला गोधडीच नेतो आम्ही, पण ती पाठीवर घेऊन गड चढता येत नाही.

पाकिटावर एमआरपी आणि आयात करणाऱ्याचं नाव छापता येतं तर कम्फर्ट तापमान, एकूण वजन आणि पिसाऱ्याचे ग्रॅमही तेवढ्याच ठळक छापता येतील. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या दुकानदारांनी तोवर निदान हातानं लिहून चिकटवावं. आणि तुम्हीसुद्धा पुरवणीत ट्रेकच्या सामानाची माहिती देता तेव्हा उणे किती एवढंच न देता कम्फर्ट, वजन आणि पिसारा हे तीन आकडे छापावेत ही विनंती, डिसेंबरच्या सुट्ट्यांच्या आधी छापलं तर बरं होईल, खरेदी तेव्हाच होते.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी