महाधिवक्ता व्हायचं म्हणतेस तर

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

महाधिवक्ता म्हणजे राज्य सरकारचा सर्वात वरचा वकील. या पदाला परीक्षा नाही, जाहिरात नाही, आणि वीस वर्षं एजीपी (सहायक सरकारी वकील) राहिलं म्हणून बढतीही नाही. घटनेच्या कलम १६५ प्रमाणे राज्यपाल नेमतात, म्हणजे मंत्रिमंडळ ठरवतं. पात्रता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचीच. वकिलांसाठी उच्च न्यायालयात किमान दहा वर्षं. मुदत ठरलेली नाही. एच. एम. सीरवाई आपल्याकडे या पदावर १९५७ ते १९७४ सलग होते. महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना स्वतंत्र मराठवाड्याच्या वक्तव्यावरून मार्च २०१६ मध्ये राजीनामा द्यावा लागला. तेव्हा स्वतःची वकिली आधी उभी कर. पद गेलं तर दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये पक्षकार असले पाहिजेत.

सनद मिळाली की आधी एखाद्या सीनिअरकडे रिट याचिकांचं (सरकारी निर्णयांना उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्या अर्जांचं) ड्राफ्टिंग कर. मग एजीपीचं काम मिळालं तर जरूर घे. सरकारी फाईल कशी हलते ते तिथेच कळतं. याचिकेची प्रत विभागाकडे जाते आणि पॅरावाईज रिमार्क्स (परिच्छेदागणिक विभागाचं म्हणणं) येतात ते असे: ‘सदर मजकूर अमान्य’. तेच शपथपत्रात उतरवलंस तर खंडपीठ तुलाच उभं करून विचारेल. मूळ फाईल मागव. टिपणीचं पान न् पान वाच: निर्णय कोणी घेतला, कोणत्या अधिकारात, कोणत्या तारखेला. आदेशात नसलेलं कारण मागाहून शपथपत्रात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या मोहिंदरसिंग गिल निकालापासून पक्कं आहे. तरीही विभाग ते घालायचा आग्रह धरतात.

दुसरा घोळ मुदतीचा. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायला ९० दिवस. फाईल कक्षातून विधी व न्याय विभागात आणि परत, यातच ते सरतात. टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा विलंब सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये माफ केला नाही; ‘सरकारी प्रक्रिया’ हे कारण आता पुरत नाही. निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी माग आणि अपील करावं की नाही याचं मत लेखी दे. करू नये असं वाटलं तर तसंच लिही, मंत्र्यांना आवडो न आवडो. खरं कसब इथे लागतं. विधिमंडळात बोलण्याचा मान (कलम १७७, मतदान मात्र नाही) फार क्वचित कामी येतो.

सध्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २७-अ वाच. राज्याशी संबंधित घटनात्मक प्रश्न दाव्यात निघाला, तर महाधिवक्त्यांना नोटीस गेल्याशिवाय न्यायालय तो ठरवत नाही. मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या न्यायालयात) हे कुणी विचारत नाही.

तुझी,
आई