मशीन चालू झालं

प्रिय मित्रा,

मी जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, घेतला तेव्हा तू फोनवर ‘भंगार घेतलंस’ म्हणालास. मी हसून सोडून दिलं, पण ते लागलं होतं. लेथ चालू झाल्याशिवाय तुला लिहायचंच नाही असं ठरवलं. काल चालू झाला.

विकणाऱ्याने त्याला झकास हिरवा रंग फासला होता. मी रंगाकडे न बघता बेडला, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात त्या बिडाच्या लांब बैठकीला, हात घातला. बहुतेक कामं चकजवळ, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ, होतात, म्हणून बेड तिथे जास्त झिजतो आणि समोरच्या टोकाला, आधार देणाऱ्या टेलस्टॉककडे, जवळजवळ कोराच राहतो. हत्यार घेऊन बेडवर सरकतं ते कॅरेज. चकजवळ त्याचा ढिलेपणा जाईपर्यंत गिब, म्हणजे त्यातली आवळपट्टी, आवळला आणि कॅरेज दुसऱ्या टोकाला नेलं. शेवटी जड झालं, पण अडकलं नाही, म्हणजे झीज फार नव्हती. तिथेच माझा होकार झाला. हत्यार आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा नट मात्र पार गेलेला, हँडल पाव फेरा रिकामंच फिरायचं. चालतं. नट नवा करता येतो, बेड कुठून आणणार?

पुढे रॉकेल, वायर ब्रश आणि काळी बोटं, एवढंच. हो, एक फजिती झाली. चक धुऊन त्याचे जॉ, म्हणजे जबडे, बसवले, तर तिघं मध्यावर भेटेनातच! जॉवरचे १, २, ३ आकडे उगाच नसतात, हे तासाभराने डोक्यात शिरलं.

झोप उडवली ती टेपरने, म्हणजे बार एका टोकाला जाड कातला जाण्याने. चकात जाड बार धरला, टेलस्टॉकचा आधार न देता १५० मिमी अंतरावर दोन पट्टे हलक्या कटने टर्न केले. मायक्रोमीटरवर दोघांच्या व्यासात ०.०३ मिमीचा फरक! वाटलं, बेडनेच दगा दिला. ओळखीच्या एका म्हाताऱ्या टर्नरना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, “लेव्हल केलंस का?”

बुडबुड्याची लेव्हल बेडवर आडवी ठेवली. हेडस्टॉकपाशी, म्हणजे चकच्या टोकाला, बुडबुडा मध्यावर, टेलस्टॉकपाशी थेट काठाला. बेडला पीळ पडला होता. एवढं बिडाचं धूड, पण मीच ते उंचसखल फरशीवर बोल्ट आवळून पिळलं होतं! एका पायाखाली पातळ पत्र्याची शिम सारली, बोल्ट बेताने आवळले, पुन्हा कट, पुन्हा माप. सहाव्या खेपेला दोन्ही पट्टे सारखे आले. तो बार तुला दाखवायला ठेवलाय. येताना तुझा मायक्रोमीटर आण, माझ्या मापावर तुझा विश्वास बसायचा नाही.

आटे पाडायचं अजून राहिलंय, त्याला गिअर लागतात आणि सोबत आलेल्या गिअरच्या पिशवीत एक गिअर कमी आहे. बाकीच्यांचे दात मोजून कोणता ते कळवतो. आता भंगार धुंडाळायची पाळी तुझी.

तुझाच,
लेथवाला