‘पाठवली आहे’ म्हणजे मिळाली असे नव्हे

महोदय,

संकेतस्थळावर अर्ज भरून ‘सबमिट’ दाबले की ‘आपल्या अर्जाची पीडीएफ प्रत ई-मेलने पाठवली आहे’ असे वाक्य झळकते आणि संकेतस्थळाच्या दृष्टीने विषय तिथेच मिटतो. वास्तविक सर्व्हरने फाइल तयार करून मेलच्या यंत्रणेकडे सोपवली, एवढाच त्याचा अर्थ असतो. ती इनबॉक्समध्ये पोचली, स्पॅममध्ये पडली की परत आली, हे त्या पानाला ठाऊक नसते.

ती परत येण्याची कारणेही काही गूढ नाहीत. ई-मेलमधून फाइल जाते ती अक्षरांत रूपांतरित होऊन, दर तीन बाइटांमागे चार अक्षरे या हिशेबाने. त्यामुळे कागदपत्रांची छायाचित्रे कोंबलेली २० एमबीची पीडीएफ वाटेत २६ एमबीच्या पुढे जाते आणि मेल घेणाऱ्या सेवेची आकारमर्यादा ओलांडू शकते. कार्यालयाकडे जाणाऱ्या प्रतीवर प्रेषक म्हणून अर्जदाराचाच पत्ता घालण्याची खोड तर फार जुनी आहे. त्या पत्त्याच्या वतीने मेल पाठवण्याचा अधिकार संकेतस्थळाच्या सर्व्हरला नसतो, म्हणून प्रेषक खरा आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ आणि डीमार्क या तपासण्यांत तो मेल अडकतो आणि अर्ज कार्यालयात कोणी पाहतच नाही.

फाइल पोचली तरी मराठी अर्जदाराची परीक्षा संपत नाही. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक प्रणालींना देवनागरीची जुळणी करता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाण्याऐवजी नंतर पडते आणि ‘किरण’चे ‘करिण’ होते. चाचणी केवळ रोमन अक्षरांत घेणाऱ्यांना हे दिसणार तरी कसे?

म्हणून तयार झालेली फाइल त्याच पानावर अर्ज क्रमांकासह उघडून पाहता यावी व उतरवून घेता यावी, आणि ई-मेल ही जादा सोय असावी. फाइल मोठी असेल तर ती जोडण्याऐवजी मुदतीचा दुवा पाठवावा. मात्र त्या दुव्यात अनुक्रमांक नकोत, कारण शेवटचा आकडा बदलून पाहणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा अर्ज लागू शकतो; पीडीएफला जन्मतारखेचा पासवर्ड लावणे हाही त्यावरचा उपाय नव्हे, कारण ती तारीख अनेकांना माहीत असते. परत आलेले मेल ‘नो-रिप्लाय’ खात्यात साचू न देता रोज पाहण्याचे काम एखाद्या कर्मचाऱ्याकडे नेमून द्यावे आणि अशा अर्जदाराला फोनने कळवावे. फॉर्ममध्ये मोबाइल क्रमांक सक्तीने भरून घेतलेलाच असतो.

– एक वाचक