पुस्तक मला वाचता येईल का, हेही तालिकेने सांगावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या ग्रंथालयाची तालिका, म्हणजे तिथल्या पुस्तकांची सूची, ऑनलाइन झाली की बातमीत एक वाक्य ठरलेले असते : 'आता वाचकांना घरबसल्या पुस्तके शोधता येतील.' या 'वाचकां'मध्ये दृष्टिहीन वाचक, अधू नजरेचा वाचक, हात थरथरतो म्हणून माउस न धरू शकणारा वाचक कोणी धरलेला असतो का, अशी मला शंका आहे. तालिकीकरणाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हे पत्र.

आधी पडद्यावरचे पाहू. दृष्टिहीन वाचक संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या आधाराने. एनव्हीडीएसारखे मोफत सॉफ्टवेअर समोरचा मजकूर बोलून दाखवते आणि वाचक कीबोर्डवरून पुढे सरकतो. डोळस माणूस निकालांच्या यादीवर नजर टाकून हव्या त्या पुस्तकावर थांबतो. प्रत्येक निकालाचे शीर्षक पानाच्या कोडमध्ये 'हेडिंग' म्हणून नोंदलेले असेल, तर स्क्रीन रीडर वापरणाराही 'एच' ही कळ दाबत भराभर पुढे जातो. तसे नसेल तर आधी मेन्यू ऐका, मग लेखक, विषय, वर्ष, भाषा यांचे गाळणीचे सगळे चौकोन ऐका, तेव्हा कुठे पहिले पुस्तक येते. मुखपृष्ठाच्या चित्रालाही पुस्तकाचेच नाव दिलेले असले की प्रत्येक नाव दोनदा कानावर पडते. शिवाय प्रत्येक नोंदीखाली तोच 'अधिक माहिती' हा दुवा. कशाची माहिती, ते ऐकणाऱ्याने ताडायचे! पुस्तक जागेवर आहे की कोणी नेले आहे हे केवळ हिरव्या-लाल ठिपक्याने दाखवले असेल, तर स्क्रीन रीडर गप्प बसतो आणि रंगांधळेपणा असलेल्या वाचकालाही दोन्ही ठिपके सारखेच दिसतात.

यावरचे उपाय कोणी नव्याने शोधायचे नाहीत. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेची वेब सुगमतेची (संकेतस्थळ दिव्यांगांनाही वापरता यावे यासाठीची) तत्त्वे, म्हणजेच डब्ल्यूसीएजी, १९९९ पासून आहेत आणि त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यातले बरेचसे निकष मोजून पाहता येतात. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. मजकूर दुप्पट मोठा केला तरी काही तुटता कामा नये. वेळ संपली म्हणून वाचकाला खात्यातून बाहेर काढायचे असेल, तर आधी सूचना द्यावी आणि मुदत वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यावेत. कोपऱ्यात 'अ+' आणि 'अ-' अशी बटणे लावली की सुगमता आली, असे मानणाऱ्यांची मला गंमत वाटते. अक्षर मोठे करण्याची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासूनच आहे. बिघाड असतो तो पानाच्या रचनेत, आणि ती या बटणांनी सुधारत नाही.

मराठी नोंदींचे दुखणे आणखी वेगळे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय संकेतपद्धती येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोंद डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. स्क्रीन रीडर तीच बोलतो. शिवाय युनिकोडमध्ये नाव टाकून शोधणाऱ्या कोणालाच ते पुस्तक सापडत नाही, मग तो डोळस का असेना. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितले नसेल, तर इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शोधयंत्राने ह्रस्व-दीर्घाची चूक पोटात घालावी, हीसुद्धा सुगमताच आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, असलेल्या वाचकाला तिची गरज सर्वांत जास्त, पण बाकीच्यांनाही ती नको असेल असे नाही.

मला अधिक बोलायचे आहे ते मात्र नोंदीबद्दल, कारण तिकडे कोणाचेच लक्ष जात नाही. समजा, पान अगदी निर्दोष झाले आणि पुस्तकही सापडले. ते ब्रेलमध्ये आहे का? मोठ्या टाइपातली आवृत्ती आहे का? ध्वनिमुद्रित असेल तर त्यात प्रकरणांवर उड्या मारता येतात का? 'डिजिटल प्रत उपलब्ध' असे लिहिले आहे, ती खरी अक्षरे असलेली फाइल आहे की पानांचे नुसते फोटो? अशा फोटोंची पीडीएफ स्क्रीन रीडरच्या दृष्टीने कोऱ्या कागदासारखी असते. तालिका यावर गप्प असते, आणि वाचकाला फाइल उतरवून घेतल्यावर ते कळते.

हे नोंदवायला जागा नाही असेही नाही. ग्रंथालये ज्या मार्क २१ पद्धतीत नोंदी ठेवतात, तिच्यात ब्रेल आणि मोठा टाइप यांच्यासाठी सांकेतिक अक्षरे फार पूर्वीपासून आहेत. २०१८ मध्ये ३४१ आणि ५३२ ही दोन क्षेत्रे, म्हणजे नोंदीतले रकाने, खास सुगमतेच्या माहितीसाठी जोडली गेली. चित्रांची वर्णने आहेत का, व्हिडिओला उपशीर्षके आहेत का, कोणती सोय नाही, हे सारे तिथे लिहिता येते. क्षेत्रे आहेत, ती कोणी भरत नाही. शिवाय भरलेली माहिती वाचकाच्या पडद्यावर दाखवायची आणि तिच्यावरून शोध गाळायची सोयही तालिकेत हवी, नाहीतर ती कपाटातच राहते.

याचा हिशेब पैशातही होतो. मराकेश कराराने (२०१३ मध्ये स्वीकृत, २०१६ पासून अमलात) छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी हक्कधारकाच्या परवानगीविना सुगम प्रत तयार करण्याची आणि ती देशाबाहेर पाठवण्याची वाट सदस्य देशांमध्ये मोकळी केली. पण एका ठिकाणी मेहनतीने तयार झालेली ब्रेल प्रत तालिकेत ब्रेल म्हणून दिसलीच नाही, तर दुसरे ग्रंथालय तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा करायला घेते.

सॉफ्टवेअर विकत घेतानाच पुरवठादाराकडून सुगमतेचा अहवाल मागावा आणि तो करारात बांधून घ्यावा. नंतर विनवण्या करून फारसे पदरात पडत नाही. कोहासारखी मुक्त, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली, ग्रंथालय-प्रणाली वापरणाऱ्यांना तर पुरवठादार ऐकत नाही हेही निमित्त नाही. २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात ती पहिल्यांदा सुरू झाली ती खुल्या स्वरूपातच, आणि तिची पाने कोणालाही दुरुस्त करता येतात. स्वयंचलित तपासणीवर विसंबू नये, तिला निम्मेशिम्मे दोष दिसतच नाहीत. दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग वाचकांना बोलावून तालिका वापरायला सांगावी आणि त्या कामाचा मोबदला द्यावा. त्याआधी ग्रंथपालाने स्वतः माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर यांवर एक पुस्तक राखून ठेवून पाहावे. अर्धे दोष तिथेच कळतील.

आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. ऑनलाइन तालिकेच्या उद्घाटनाची बातमी करताना वार्ताहर पुस्तकांची संख्या विचारतात. त्यासोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : ही तालिका कोणत्या दिव्यांग वाचकांनी वापरून पाहिली, आणि फक्त ब्रेल किंवा फक्त ध्वनिमुद्रित पुस्तके तिच्यात गाळून शोधता येतात का. ई-पेपरच्या पानांबद्दलही लिहायचे आहे, पण ते पुढच्या पत्रात.

आपला नम्र,
एक निवृत्त तालिकाकार